मुलांना उकडू नये म्हणून

सोमवार, ८ डिसेंबर १९५८
शाळेला सुट्टी लागली. आमच्या बेटावर डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा. ऊस कापणी संपल्यामुळे इस्टेटीच्या ऑफिसात काम कमी. दुपारीच घरी आलो. पत्रा तापलेला. माझी दोन्ही मुलं, विद्यावती आणि देवराज, व्हरांड्याच्या सिमेंटवर पोट टेकून पडलेली.

मेहुणी इंद्राणी समुद्रकाठच्या सूयाकहून लिची घेऊन आली होती. म्हणाली, भावजी, शाळा उघडेपर्यंत पोरांना माझ्याकडे पाठवा, समुद्रावर खेळतील. मी नाही म्हटलं. आमचं क्वात्र बॉर्न उंचावर आहे, इथली हवा सूयाकपेक्षा थंड. शिवाय मुलांची आई जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. दुःखाच्या वर्षात समुद्रावर मजा शोभत नाही. हे सांगताना कपाळाचा घाम पुसावा लागला. इंद्राणीने ते पाहिलं.

ठरवलं: मुलांना घरीच गार ठेवायचं आणि हालतं-फिरतंही. पद्धतशीर केलं की अवघड नाही.

बुधवार, १० डिसेंबर
ऊन चढण्याआधी कवायत सुरू. विद्यावती वेळेवर उठली. देवराज उभ्या उभ्या झोपला. पायाचे अंगठे कसे धरायचे ते स्वतः वाकून दाखवलं. कंबर धरली. सरळ होता येईना. मुलांनी दोन बाजूंनी धरून खाटेवर नेलं, आळीपाळीने तेल चोळलं. देवराज पाठीवर चालला. दोघांना चांगला घाम आला. म्हणजे व्यायाम झालाच.

शनिवार, १३ डिसेंबर
कंबर बरी. नवी योजना: खिडक्यांना ओली गोणपाटं. ऑफिसातून रिकाम्या गोण्या मागून आणल्या, बांधल्या, पाणी मारलं. खरोखर गारवा आला. हे आजवर कोणाला सुचलं कसं नाही!

संध्याकाळ. गोण्या साखरेच्या होत्या. भिंतीवरून पाक उतरला आहे. घरभर मुंग्या. देवराज गोणीचा कोपरा चोखताना सापडला. शेजारच्या सत्यवती काकींनी कुंपणावरून विचारलं, काय रे कृष्णदेव, खिडक्यांना मिठाई भरवतोस होय? मुलं हसून हसून लोळली. मग तिघांनी मिळून भिंती धुतल्या. हालचाल भरपूर झाली.

बुधवार, १७ डिसेंबर
देवराजच्या मानेवर घामोळं. चंदन उगाळून लावलं. नियम केला: जेवणानंतर उन्हात जायचं नाही. तिघांनी चटईवर पडायचं, मी रामायणातली गोष्ट सांगायची. नियम उत्तम चालला आहे. मुलं आवाजसुद्धा करत नाहीत.

शुक्रवार, १९ डिसेंबर
काकींकडून कळलं, मुलं दुपारभर त्यांच्या अंगणात नळाखाली असतात. मी घोरायला लागलो की विद्यावती देवराजला खूण करते म्हणे. काकी म्हणाल्या, तुझ्या रामाला वनवास घडतच नाही, त्याआधीच तू झोपतोस. यात तथ्य नाही. काल राम निघाला होता.

रविवार, २१ डिसेंबर
देवळात जाऊन पुजारी महाराजांनाच विचारलं, दुःखाच्या वर्षात पोरांनी समुद्रावर जावं का. त्यांनी एकदा नाही म्हटलं की इंद्राणीला बोलायला जागा राहणार नाही. महाराज म्हणाले, सणवार तू पाळू नकोस बाबा, पोरांना कसला नियम? वर म्हणाले, मी दोन तारखेला नातवंडांना घेऊन सूयाकलाच चाललोय, लॉरीत जागा आहे, तुझी दोन दे चढवून. माझा प्रश्न त्यांना नीट समजला नसावा.

मंगळवार, २३ डिसेंबर
शेवटी मुलांना विचारलं. कुठलाही दबाव न आणता. देवराज समुद्राच्या नावाने 'लामेर, लामेर' ओरडत पोहल्यासारखे हात मारू लागला. तो लहान आहे, त्याचं मत धरत नाही. विद्यावती खाली बघून म्हणाली, नको बाबा, आम्हाला इथेच बरं वाटतं. समजूत आईची घेतली आहे. प्रश्न मिटला.

रविवार, २८ डिसेंबर
इंद्राणी पुन्हा आली, आधी काकींकडे थांबून. मी विद्यावतीचं उत्तर ऐकवलं. इंद्राणी म्हणाली, भावजी, पोर काकींना काय म्हणाली तेही ऐका, आणि काकींना हाक मारली. काकींनी आधी आढेवेढे घेतले. मग म्हणाल्या, पोर म्हणते, मला फार जायचंय हो काकी, पण आम्ही गेलो तर बाबा नुसते बसून राहतील, आत्ता निदान आमच्यामागे धावतात तरी.

मग मी सांगितलं की देवराजचं घामोळं वाढतं आहे, त्याला खारं पाणी चांगलं, तेव्हा पाठवावं असं माझ्या मनात आधीपासून होतं. इंद्राणी म्हणाली, हो भावजी. काकीही हो म्हणाल्या. दोघी जरा जास्तच पटकन हो म्हणाल्या.

शुक्रवार, २ जानेवारी १९५९
सकाळी लॉरी आली. विद्यावतीला बजावलं: टोपी घाल, पाणी पीत राहा, लाटेत देवराजचा हात सोडू नकोस. तिने उलट मलाच बजावलं, बाबा, दुपारी काकींकडे जाऊन बसा. मी म्हटलं, मला पुष्कळ कामं आहेत. लॉरी वळेपर्यंत ती बघत होती. देवराजने पाहिलं नाही. तो ड्रायव्हरला भोंगा वाजवायला सांगत होता.

दुपारी ढग भरून आले. हवा छान गार झाली. आज मुलांना इथे अजिबात उकडलं नसतं.

ऑफिसच्या सदऱ्याचं बटण निघालं होतं. सुईत दोरा लवकर ओवला जाईना. दाराशी उजेडात जाऊन ओवला. बटण लावलं.