दहाव्याच्या दिवशी लागलेला निकाल

नाहूर,
गुरुवार

ती. उत्तराताईंस,
हरेश्वरचा साष्टांग नमस्कार.

(कागदाच्या माथ्यावर श्री घातलेला नाही. सुतक फिटले आहे, घालायला हरकत नव्हती, पण लिहायला बसलो आणि हात सरळ पत्त्यावरच गेला. राग मानू नये.)

तुमचा गुडघा आता कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केली असताना तुम्ही कोकमे उतरवायला माळ्यावर चढलात, ही बातमी मालवणहून इथवर पोचली आहे. कृपा करून तसे करू नये. आम्ही ठीक आहोत. मी दोन्ही वेळा जेवतो. हर्षद आणि ऋतिका आपापल्या ऑफिसला जाऊ लागले आहेत. तुम्ही प्रेमाच्या दहाव्याची चौकशी केलीत आणि हर्षदने "झकास झाला, मावशी" असे उत्तर दिले, असे कळले. त्याच्या मनात वाईट काही नव्हते, तो सगळ्यालाच झकास म्हणतो. पण सख्ख्या बहिणीला येता आले नाही, तेव्हा नीट हकीकत कळवणे माझे काम आहे, म्हणून हे पत्र.

विधी मीच केले. खरे तर हर्षद करणार होता, पण त्या आठवड्यात त्याला परदेशी पाहुण्यांसमोर उभे राहायचे होते आणि डोक्याचा चकोट करून उभे राहता येणार नव्हते. माझ्या डोक्यावर कापण्यासारखे फारसे नाही, त्यामुळे ते सोपे पडले. तळ्याकाठी विधींसाठी पत्र्याची शेड आहे, तिथे आम्ही सकाळी पोचलो. माझे थोरले बंधू भाऊ बोरिवलीहून आले होते आणि वरच्या मजल्यावरच्या माधुरीवहिनी आमच्याबरोबर होत्या. (वहिनी बहुतेक ठिकाणी आमच्याबरोबर असतात.) शेजारच्या चौथऱ्यावर दुसऱ्या एका कुटुंबाचा विधी चालू होता. गुरुजी तरुण, चटपटीत, पुढचे काम घाटकोपरला. पिंड ठेवले, बाजूला पानावर प्रेमाच्या आवडीचे वडे, काळ्या वाटाण्याची उसळ आणि कपभर चहा ठेवला, आणि आम्ही मागे सरून कावळ्याची वाट पाहू लागलो.

कावळा येईना. शेजारच्या कुटुंबाकडेही येईना. गुरुजी म्हणाले, हल्ली असेच होते, कावळे सगळे देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावर जातात, तिकडे त्यांना हवे ते आयते मिळते, भाताकडे कोण बघणार? हे मला पटले. पण भाऊंना पटले नाही. त्यांचे म्हणणे, जाणाऱ्याची इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, मग देवनार असो की आणखी काही. तेव्हा एकेकाने पुढे होऊन हात जोडून वचन द्यायला सुरुवात केली. भाऊ म्हणाले, "गो बाये, गावच्या पडवेची कौलां मी बदलतंय, आता खा गो." कावळा नाही. हर्षद म्हणाला, "आई, ऋतिकाचं लग्न या वर्षी नक्की लावून देतो." त्यावर ऋतिका म्हणाली, "मला विचारलंस का? आणि आईनेच सांगितलंय मला, घाई करू नकोस म्हणून." पिंडासमोर दोघांची जुंपली. मग माधुरीवहिनी पदर सावरत पुढे आल्या आणि म्हणाल्या, "प्रेमा, तुझं इडलीपात्र माझ्याकडे राहिलंय गं, आज संध्याकाळी आणून देते." त्या इडलीपात्राचे मला काहीच ठाऊक नव्हते. आम्ही गेली दोन वर्षे इडली खाल्लेली नाही, त्याचे कारण मला त्या क्षणी समजले.

तेवढ्यात ऋतिकाला आठवले. "बाबा, आज निकाल आहे ना! आईला निकाल ऐकायचा होता." ते खरे होते. दवाखान्यातसुद्धा प्रेमाने नर्सला दोनदा विचारले होते की कृणालच्या खटल्याचे काय झाले. खटला तुम्हाला ठाऊक असेलच, मला जेवढा समजला तेवढा लिहितो, चुकल्यास दुरुस्त करावे. कृणाल हा नट एका मालिकेत कित्येक वर्षे आज्ञाधारक जावई होता. त्या मालिकेचा निर्माता चंद्रप्रकाश मनोरीला भाड्याच्या बंगल्यात मेलेला सापडला आणि कृणालला पकडले. कृणालचे म्हणणे, मी त्या रात्री शेवटच्या बोटीने खाडी ओलांडून मार्वेला परत आलो होतो. पोलिसांचे म्हणणे, आला नव्हता. बोटीवर तिकिटे देणारा साक्षीदार आधी नाही म्हणाला, मग हो म्हणाला, आणि शेवटी म्हणाला, मला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. एवढ्यावर खटला आठ वर्षे चालला.

सगळ्यांनी मोबाइल काढले. शेजारच्या कुटुंबातल्यांनीही काढले. गुरुजींनी दोन मंत्र म्हणून घेतले आणि मग तेही डोकावू लागले. जज्ज आले, बसले, काही कागद आणायला उठले, परत बसले, असे कळत होते. सगळ्यांच्या माना खाली असताना शेडच्या कठड्यावर एक कावळा येऊन बसला. तो खाली उतरला, दोन उड्या मारून पानाजवळ आला, मान वाकडी करून वड्याकडे पाहू लागला. मी एकटाच पाहत होतो. मला वाटले, आता शिवतो.

आणि निकाल लागला. पुराव्याअभावी निर्दोष. हर्षद ते पुरते वाचतो न वाचतो तोच समोरच्या रस्त्यावर फटाक्यांची मोठी माळ वाजली. कृणालचे त्या भागातले चाहते तिथे सकाळपासून जमून बसले होते, ते आम्हाला माहीत नव्हते. (त्यांनी माळेबरोबर काळे झेंडेही आणले होते, जो निकाल लागेल त्याप्रमाणे वापरायचे म्हणून. नंतर ते झेंडे गुंडाळून नेताना मी पाहिले.) कावळा उडाला. तोच नाही, झाडांवर असलेले नसलेले सगळे पक्षी उडाले आणि तळ्यावरून पार पलीकडे गेले.

आता प्रश्न असा पडला की निकाल तर लागला, तो प्रेमाला सांगायला हवा, पण कोणत्या सुरात? भाऊंनी वाट पाहिली नाही. पिंडाकडे तोंड करून मोठ्याने ओरडले, "सुटलो गो तो, सुटलो!" हर्षदने त्यांचा हात धरला. "काका, असं आनंदाने काय सांगता? तिला वाईट वाटलं तर?" ऋतिका म्हणाली, वाईट वाटणारच, आई म्हणायची त्याला फाशीच झाली पाहिजे. हर्षद म्हणाला, "काहीही काय! मला स्वतः म्हणाली, बिचारा विनाकारण अडकलाय." माधुरीवहिनी म्हणाल्या, प्रेमाला पहिल्यापासून निर्मात्याच्या बायकोचा संशय होता, आणि हे तिने इडलीपात्र देतानाच त्यांना सांगितले होते. भाऊ म्हणाले, "माका म्हणली, भावोजी, तुमी म्हणतास तांच खरां." मग भाऊंचे काय म्हणणे आहे ते विचारण्यात आले, आणि ते भाऊंनी इतके सविस्तर सांगितले की सगळे शेडबाहेर पिंपळाखाली सरकले.

तिथे जे झाले त्याला वाद म्हणता येईल. भाऊ मनोरीला जन्मात एकदा सहलीला गेले होते आणि बोटीत त्यांना उलटी झाली होती, त्यामुळे बोटीच्या बाबतीत ते स्वतःला जाणकार समजतात. "मी बोरिवलीत रवतंय, माका बोट शिकवतस?" असे ते हर्षदला म्हणत होते. माधुरीवहिनींचे म्हणणे होते की इतका गुणी जावई खून करणे शक्य नाही. ऋतिका म्हणाली, "अहो काकू, तो मालिकेत जावई होता!" "मालिकेत असला म्हणून काय झालं? इतकी वर्षं कोणी खोटं वागू शकतं का?" यावर मी अजून विचार करतो आहे. शेजारच्या कुटुंबातला ओल्या पंच्यातला मुख्य माणूसही येऊन उभा राहिला आणि "एक मिनिट, पोस्टमॉर्टेम रिपोर्टचं काय?" असे विचारू लागला. त्याचे गुरुजी त्याला हाका मारत होते. रिक्षावाले थांबले. फटाके लावणारी मुले पेढे घेऊन आली आणि माधुरीवहिनींनी, आपण दहाव्याला आलो आहोत हे विसरून, एक पेढा घेतला. (नंतर लक्षात आल्यावर त्यांनी तो पर्समध्ये ठेवला.)

मी आणि गुरुजी शेडमध्येच होतो, तिथून सगळे दिसत आणि ऐकू येत होते. यथावकाश सर्व पार पडले. मंडळी परत आली तेव्हा पिंड तळ्यात सोडून झाले होते. गुरुजींनी "झालं" एवढे सांगितले आणि ते घाटकोपरला गेले. भाऊंना वाटते की कावळा कौलांच्या वचनावर शिवला. हर्षद म्हणतो, निकाल ऐकून आईचा जीव शांत झाला. ऋतिका म्हणते, निकालाशी काही संबंध नाही, मी लग्नाला ठाम नकार दिला म्हणून. माधुरीवहिनींनी संध्याकाळी इडलीपात्र आणून दिले. घासून लखलखीत केले आहे, एक ताटली कमी आहे.

तर एकूण दहावा असा झाला. तुमच्या आशीर्वादाने काही कमी पडले नाही. पायावर भार देऊ नये. घरातल्या सर्वांना नमस्कार.

आपला,
हरेश्वर

ता. क. प्रेमाच्या साड्या ऋतिकाने लावून ठेवल्या आहेत. अंजिरी नारायणपेठ तुम्ही घ्यावी असे तिचे म्हणणे आहे आणि माझेही आहे. येणाऱ्याबरोबर पाठवतो.

ता. क. २. वर "सर्व पार पडले" असे लिहिले आहे, ते वाचून कावळा शिवला असा तुमचा समज होईल. तो शिवला नाही. मंडळी पिंपळाखाली होती, आम्ही पुष्कळ वाट पाहिली, फटाक्यांनंतर एकही पक्षी परतला नाही. गुरुजी हळूच म्हणाले, "यजमान, दर्भाचा करू का? चालतं शास्त्राने." मी हो म्हटले. त्यांनी दर्भाला गाठ मारून कावळा केला आणि मी तो पिंडाला लावला. शास्त्राने चालत असेलच. मुलांना हे सांगितलेले नाही, आपणही सांगू नये. दोघांनाही आपापल्यापरीने बरे वाटते आहे, ते तसेच राहू द्यावे.

ता. क. ३. खरे म्हणजे हे विचारण्यासाठीच लिहायला घेतले होते. इच्छा राहिली असेल तर ती कोणती, हे मला कळायला हवे. या खटल्याबद्दल प्रेमाने प्रत्येकाला ज्याचे त्याचेच मत ऐकवलेले दिसते. मी तिला एकदा विचारले होते, तेव्हा ती म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय? जेवा आधी, आमटी गार होतेय." तुम्ही दोघी मात्र रोज संध्याकाळी फोनवर बोलत होतात आणि ती स्वयंपाकघराचे दार लोटून घेत असे, म्हणजे तुम्हाला तिने खरे सांगितले असणार. ती कृणालला निर्दोष समजत असेल तर तसा निकाल लागला आहे, मी फोटोपुढे तिला सांगेन. दोषी समजत असेल तर सरकार हायकोर्टात जाणार असे पेपरात आले आहे, म्हणजे थोडे थांबावे लागेल, तेही सांगेन. आणि यातले काहीच नसेल, इच्छा दुसरीच असेल, तर ती कळवावी. माझ्याबद्दलची असेल तरी कळवावी, मला वाईट वाटेल म्हणून गाळू नये.