चक्क बसून लिहिलेलं पत्र

मेर्सिन बंदर

लाडक्या गुलिझारला तिच्या जेवदेतचा सलाम,

अगं, हे पत्र मी खुर्चीवर बसून लिहितोय! चक्क बसून!

बसलं की होणारं दुखणं वर्षभर तुझ्यापासून लपवलं. मला वाटलं मूळव्याध. डॉक्टर हसले. "ट्रकवाले ना? दिवसभर बसता, घाम येतो, गळालेले केस माकडहाडापाशी कातडीत घुसतात आणि पू होतो. केसांचा नासूर आहे हा." छोट्या भोकातून त्यांनी केसांचा पुंजकाच काढला. त्याच दिवशी मी चालत बाहेर आलो! जखमेतून अजून थोडं पाणी येतं, पण काळजी करू नकोस. आता जागा स्वच्छ ठेवायची, दर दोन तासांनी ट्रकमधून उतरायचं आणि तिथले केस वाढू द्यायचे नाहीत. मला मागचं दिसत नाही, तेव्हा ते काम तुझं!

मुलं बरी आहेत ना? तुझे बाबा अजून फुगलेलेच? गेल्या ईदला त्यांच्या घरी मी उभ्याउभ्याच चहा घेतला, तो त्यांना अपमान वाटला. लाजेपायी खरं बोललो नाही. आता तू तुझ्या आईच्या कानावर घाल, म्हणजे त्यांनाही कळेल. या ईदला असा ठाण मांडून बसेन, की चहा पाजून पाजून तेच म्हणतील, "जावईबापू, उठा आता!"

तुझाच, बसता झालेला,
जेवदेत