माशीच्या पंखावरचं टचिंग

आप्पा, आज तुमच्याशी एका माशीबद्दल बोलायचंय. तुम्हाला जाऊन चाळीसहून अधिक वर्षं झाली. श्रीरामपूरच्या आपल्या फोटो स्टुडिओच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे, आणि वयानं मी, तुमचा मुलगा, तुमच्या कधीच पुढं गेलोय. तरी दुष्काळाच्या सालातली ती एक दुपार माझ्यापाशी तशीच पडून आहे. कॉलेजातले प्राध्यापक तुम्हाला बोलत होते, चूक माझी होती, आणि मी डार्करूमच्या पडद्यामागं उभा राहून ऐकत होतो. बाहेर आलो नाही. पुढं दहा वर्षं आपण शेजारी बसून जेवलो, तेव्हाही त्याबद्दल कधी बोललो नाही.

मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो, टचिंगचं काम माझ्याकडं. खिडकीशी ते तिरकं डेस्क, त्यात दुधी काच, खाली आरसा. आरशातला उजेड निगेटिव्हमधून वर यायचा आणि मी सुईसारखी टोकदार पेन्सिल घेऊन नवऱ्या मुलींच्या गालांवरच्या पुटकुळ्या बुजवत बसायचो. निगेटिव्हवर पेन्सिल फिरली की छापलेल्या फोटोत तेवढा काळा ठिपका नाहीसा होतो, हे माझं सगळं ज्ञान. तोंडानं शाळेतल्या कविता चालू असायच्या. वृत्तातली ओळ आणि पेन्सिलीचे बारीक ठोके यांची लय जमली की मला जेवणाचीही आठवण राहत नसे. तुम्ही आतून ओरडायचात, "आरं, कविता म्हन, पर लोकांची नाकं जाग्यावर ठेव! मागल्या पोरीचं नाक पार पोपटाचं केलं व्हतंस. तिचा बाप भांडायला आल्ता!"

त्या साली प्राध्यापक एका डबीत हिरव्यानिळ्या माशा घेऊन आले. घोडेगावजवळच्या गुरांच्या छावणीत जनावरांच्या जखमांत अळ्या पडत होत्या. तशा दिसणाऱ्या माशा दोन जातींच्या. एकीच्या अळ्या सडक्या मांसावर जगतात, दुसरीच्या जित्या अंगात शिरतात. छावणीतली माशी ती दुसरी असेल तर साध्या ओरखड्यालाही औषध लावायला सांगावं लागणार होतं. टपालानं पाठवल्या तर माशांचा चुरा होतो, म्हणून सूक्ष्मदर्शकावर कॅमेरा बसवून फोटो काढायचे आणि बाहेरगावच्या एका जाणकाराकडून जात ओळखून घ्यायची, असा त्यांचा बेत होता.

आणखी माशा धरायला आपण तिघं एसटीनं छावणीत गेलो, आठवतं? एक म्हातारा शेतकरी बैलाच्या मानेवरच्या जखमेपाशी लिंबाचा डहाळा हलवत बसलाय. तुमच्या गळ्यातला कॅमेरा बघून तो म्हणतो, "फोटूवालं, माज्या बैलाचा काढता का?" तुम्ही म्हणता, "न्हाई पाव्हणं, माशीचा काढायचाय," आणि भोवतीची सगळी माणसं हसत सुटतात. "आता गं बया! लगीन ठरलंय व्हय माशीचं? मंग बसवा की तिला खुर्चीवर!" तुम्हीही हसलात. पण म्हाताऱ्यानं एकदम तुमचा हात धरला. "चेष्टा ऱ्हाऊ द्या. काय त्ये लवकर सांगा. माजा ह्यो एकच ऱ्हायलाय."

पुढचा महिनाभर तुम्ही निराळेच होता, आप्पा. सुताराकडून लाकडी स्टँड करून घेतलात, त्यावर कॅमेरा, खाली कॉलेजचा सूक्ष्मदर्शक. शाळा सातवीपर्यंतची, पण भिंग लावून एकेका निगेटिव्हपुढं तुम्ही अर्धा अर्धा तास बसायचात. लग्नाच्या फोटोंकडं तुम्हाला असं पाहताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला माशीचा पंख आपल्या गावच्या चर्चच्या रंगीत खिडकीसारखा दिसायचा. तसं म्हटल्यावर तुम्ही मान वर न करता बोललात, "तुला काय दिसतंय त्ये ऱ्हाऊ दे. तिथं काय हाय त्ये बघ." आणि पहिल्याच दिवशी बजावलंत, "हितं पेन्सिल लावायची न्हाई. नवरीची पुटकुळी आठ दिसांत जाती. माशीच्या अंगावर जे हाय, तीच तिची वळख."

तरी मी लावली. माशीच्या पंखाच्या मुळाशी एक जाड शीर असते. तुम्ही अजून भिंगाखाली न घेतलेल्या एका निगेटिव्हमध्ये त्या शिरेवर बारीक बारीक रेघा होत्या. एका दुपारी, तुम्ही बाजारात गेलेले असताना, मी त्या सगळ्या बुजवल्या, फोटो छापला आणि तोच टपालात गेला. जाणकाराचं उत्तर आलं की शिरेवर केस नाहीत, तेव्हा ही जित्या अंगात शिरणारी माशी नव्हे. प्राध्यापकांनी छावणीत तसा निरोप दिला. चार दिवसांनी त्यांच्या मनात आलं, ही केसांची खूण आपणही एकदा बघून ठेवावी. त्यांनी डबीतली माशी भिंगाखाली घेतली. शिरेवर केसांची ओळच्या ओळ उभी होती.

ती दुपार. प्राध्यापकांचा आवाज चढलाय. "तुमचा फोटो खोटं बोलला! मी त्या लोकांना काळजी करू नका म्हणून सांगून बसलो!" तुम्ही निगेटिव्ह उजेडाला तिरकी धरता. तिरकी धरली की पेन्सिलीचं शिसं चमकतं, हे तुम्हीच मला शिकवलेलं. पडद्याच्या फटीतून मला तुमची मान खाली जाताना दिसते. मग तुम्ही म्हणता, "सर, मीच पुसलं. धूळ वाटली. चूक माझी हाय." ते म्हणाले, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," आणि पायऱ्या उतरून गेले.

तुम्ही आत आलात. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. तुम्ही कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवलात, निगेटिव्हवरचं शिसं पुसलंत आणि नवा फोटो छापलात. केस परत आले. फोटो पुरता वाळायच्या आत तो प्राध्यापकांकडं न्यायला तुम्ही सायकलवर टांग टाकलीत. "दुकानाकडं बघ," एवढंच बोललात. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं छावणीतही गेलात. त्या म्हाताऱ्याच्या बैलाचं काय झालं, हे तुम्ही सांगितलं नाही आणि विचारायचं माझं धाडस झालं नाही. पुढचे फोटो प्राध्यापकांनी दुसऱ्या गावाहून करून घेतले. लाकडी स्टँड माळ्यावर गेला. तुम्ही परत "हनुवटी वर, हलू नका" करत गिऱ्हाइकांसमोर उभे राहिलात. भिंगाला डोळा लावून जगाला विसरलेले आप्पा मला त्यानंतर दिसले नाहीत. डोळे मिटले की मी त्यांनाच शोधतो. बाकीचे आप्पा आपसूक आठवतात, भिंगापुढच्या त्या आप्पांसाठी मात्र खटपट करावी लागते.

हे मी कुणाला वाचून दाखवणार नाही. मुलाला दाखवावंसं वाटलं होतं, पण तो म्हणेल, एवढंसं तर आहे. तुम्ही त्यांना "धूळ वाटली" म्हणालात, आणि मलाही तसंच वाटलं असेल असं धरून चाललात. आप्पा, मला ती धूळ वाटली नव्हती. केसच होते, मुळाशी जाड, टोकाशी निमुळते. मला स्पष्ट दिसत होते. पण तुम्ही इतका वेळ ज्याच्याकडं बघता त्यात माझ्याही हातचं काहीतरी असावं, असं मला वाटलं. त्याच दिवशी संध्याकाळी बाजारातून आल्यावर तुम्ही तो फोटो खिडकीशी नेलात, भिंग लावलंत, खूप वेळ बघत राहिलात आणि म्हणालात, "ह्यो लई स्वच्छ आलाय रं." ते आठवलं की अजूनही मला आधी आनंद होतो. लाज त्यानंतर वाटते.