आकाशातली नळी आणि न धुतलेला शर्ट

४ मार्च, सोमवार

शर्ट धुवायचा नाही म्हणे!

दुपारी डब्याचं झाकण सैल राहिलं आणि भाजीचा रस ह्यांच्या छातीवर सांडला. नेमकं त्याच वेळी वर आकाशात ह्यांच्या मोठ्या उपग्रहाने लहान उपग्रहाला पकडलं. आता नळी जोडून इंधन भरेपर्यंत हाच शर्ट, असाच घालून यायचं — नियंत्रण कक्षात सगळ्यांचं ठरलं. साहेबांनीसुद्धा मान डोलावली. मी सकाळी दिवा लावते तर हे म्हणतात, "तुझं आपलं चालू दे." आणि ह्यांचं हे काय चालू आहे?

काम तरी काय? दोन्ही उपग्रह ह्यांनीच वर पाठवले. आता एकातलं इंधन दुसऱ्यात ओतायचं. डबे आपले, तेल आपलं, ओतणारे आपण, आणि बघायला जगाला बोलवायचं. म्हणाले, "अगं, हे जमलं तर उद्या इंधन संपलेले जुने उपग्रह टाकून द्यावे लागणार नाहीत. वरच्या वर भरता येतील." टाकून द्यायचं नाही, हे मात्र पटलं. बोलले नाही. लगेच डोक्यावर चढून बसतात.

५ मार्च, मंगळवार

शर्ट खुंटीवर. खोलीत वास. नाकाला पदर लावून केर काढला.

८ मार्च, शुक्रवार

लेकीचा फोन. दिवस भरत आलेत. "बाबा येतील ना?" एवढंच विचारते.

मागच्या वेळी तिचं बाळ गेलं तेव्हा हे कुठल्याशा उड्डाणात अडकले होते. पोचले तेव्हा सगळं आवरून झालं होतं. तिने उठून ह्यांना चहा करून दिला. मी ते विसरलेले नाही. हेही नाहीत, पण तोंडाने कबूल करतील तर शपथ.

आज म्हणाले, "इंधन गेलं की रजा. या खेपेला नक्की." म्हणजे माझ्या लेकीचं बाळंतपण आकाशातल्या नळीला टांगलेलं!

११ मार्च, सोमवार

धुतला. उद्या नळी जोडायची, आणि माणूस असा कुबट शर्ट घालून जाणार? साबणाचा उरलासुरला तुकडा सत्कारणी लावला. डाग पार गेला. देवाला हात जोडले, नळी लागू दे म्हटलं. माझ्या देवाला मळके कपडे लागत नाहीत.

ह्यांनी शर्ट पाहिला. मग मला पाहिलं.

"धुतलास?"

"धुतला."

शर्ट पुन्हा खुंटीला लावला.

१२ मार्च, मंगळवार

नळी लागली नाही. जवळ गेली, टेकली, आणि यंत्राने आपणहून मागे घेतली. पुन्हा प्रयत्न एकोणीसला. तोवर रजा नाही.

साहेबांनी पहिला प्रश्न काय विचारावा? "शर्ट धुतला का हो?" एवढ्या पदव्यांची माणसं! ह्यांच्या हाताखालची पोरगी — सगळे तिला चिमणी म्हणतात — ती तर रडकुंडीलाच आली म्हणे.

"मग सांगितलंत, बायकोने धुतला?"

"म्हटलं, पावसात भिजला."

पाऊस! आठवडाभर आभाळात ढग नाही, आणि आभाळाकडे बघणं हाच ह्यांचा धंदा. खोटंसुद्धा धड बोलता येत नाही.

जेवून उठले. मला काही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं होतं, मीही दोन शब्द सुनावले असते.

१७ मार्च, रविवार

लेकीचा रक्तदाब वाढलाय. डॉक्टरीणबाई म्हणतात आता थांबायचं नाही, एकोणीसलाच. म्हणजे नळीचाच दिवस! मी उद्या पुढे निघते. हे म्हणाले, "सकाळी नळी लागली तर दुपारच्या गाडीने येतो."

लागली तर.

बॅग भरून झाली. हे अंघोळीला गेलेले. शर्ट खुंटीवर, स्वच्छ. पातेल्यातला पळीभर रस घेतला आणि त्याच्या छातीवर ओतला. चांगली भाजी वाया. देवा, मनावर घेऊ नकोस. तुझ्यावरचा विश्वास उडाला असं नाही. सगळ्या बाजूंनी बंदोबस्त असावा, इतकंच.

१९ मार्च, मंगळवार

दवाखाना. लेकीला सकाळी आत घेतलं. बाकावर जप करत बसले होते. मान वर केली तर समोर हे! अंगात बनियन, वर ऑफिसच्या चौकीदाराचं जुनं स्वेटर.

"लागली नळी?"

"अजून सुरूच व्हायचंय. रात्रीच्या गाडीने निघालो. शर्ट माझ्या खुर्चीच्या पाठीवर टांगून आलोय. चिमणी बसलीय पुढे, तिला सगळं येतं."

"आणि साहेब?"

"म्हणाले, शर्ट ठेवून जा, मग कुठेही जा."

शहाण्यांचा कारखाना नुसता.

मग शेजारी टेकत हळूच म्हणाले, "तू डाग चुकीच्या बाजूला पाडलास. आधीचा डावीकडे होता."

मी माळ ओढत राहिले.

२० मार्च, बुधवार

मुलगी. दोघी सुखरूप.

साहेबांचा फोन आला तेव्हा ह्यांचे दोन्ही हात बाळाखाली होते, म्हणून मी घेतला. "वहिनी, नळी लागली, गेलं बघा इंधन!"

"बरं झालं," म्हटलं. "तो शर्ट तेवढा धुवू नका."