दगडावरचं जांभळं शेवाळ

प्रिय मारलूस,

आधी तुझ्या आईची खुशाली सांगतो. ताप गेला आहे, पण जिना चढताना ती अजून दोनदा थांबते. काल तिने अर्धी वाटी वाटाण्याचं सूप घेतलं आणि मीठ कमी आहे म्हणून मला बोलली, म्हणजे सुधारतेय. तू क्राइनला साखरपुड्याची अंगठी परत पाठवलीस हे तिला अजून पटलेलं नाही. दिवसातून एकदा तरी विषय काढते आणि मी खिडकीबाहेर बघत बसतो.

तुला आठवतं, तू सात वर्षांची असताना स्टुलावर उभी राहून माझ्या माशांच्या टाकीत हात घालायचीस? तेव्हाच मी तुला शिकवलं होतं की खाऱ्या पाण्यातलं सगळं शेवाळ वाईट नसतं. गुलाबी-जांभळा, चुन्यासारखा कडक थर नखाने खरवडूनही निघत नाही, तो आपला. तो आला की टाकी निरोगी आहे असं समजावं. हिरवे केस, तपकिरी चिकटा आणि बोट लावताच सुटणारा लाल-जांभळा पापुद्रा, हे मात्र काढून टाकायचं. आपल्या झीरिकझे गावात अशी टाकी ठेवणारे आम्ही आठ-दहा जण, आणि कुणाला शंका आली की सगळे म्हणायचे, लिवेनला विचारा. तीस वर्षं मी हा मान मिरवला.

तू आणि क्राइन आलात त्या रविवारी तुमच्या नव्या घरातल्या टाकीसाठी मी एक दगड काढून ठेवला होता. चांगला दोन मुठींएवढा, वरून जांभळा, आणि बाजूला त्या तपकिरी बटणांसारख्या जिवांचा पुंजका. क्राइनने त्याच्या वडिलांच्या बोटीवरून गोणभर शिंपले आणले होते आणि आईच्या ओट्यावर त्याचंच राज्य होतं. जेवण झाल्यावर मी ऐटीत त्याला दगड दाखवला. म्हटलं, बघ, याला म्हणतात चांगलं शेवाळ. त्याने वाकून बोट फिरवलं आणि माझं जांभळं दुधावरच्या सायीसारखं त्याच्या बोटावर आलं. "काका, हे ते नाही हो. हे वाईटातलं. नख लावून बघा." तू हसलीस. आईही हसली. "चष्मा बदल आता," असं म्हणून तिने मला कॉफी दिली. तो पोरगा काही वाईट बोलला नव्हता, पण मला ते फार लागलं. टाकी ठेवून त्याला जेमतेम वर्ष झालेलं, आणि तो मला शिकवणार.

तुम्ही बांधावर फिरायला गेलात आणि मी मोठं पातेलं चढवलं. दगड त्यात टाकला आणि चांगला खळाखळा उकळला. वाईटाचा मागमूसही राहू नये, एवढंच डोक्यात होतं. वारा होता म्हणून खिडकी बंद होती. आई तिथेच टेबलाशी शब्दकोडं सोडवत बसली होती. मी पुढच्या खोलीत टाकीची काच पुसायला गेलो. अर्ध्या तासाने ती म्हणाली, "लिवेन, तोंडात लोखंडासारखी चव का येतेय?" तुम्ही परत आलात तेव्हा ती थंडीने कुडकुडत होती आणि तिला श्वास पुरत नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी विचारलं, काय खाल्लं होतं? मी म्हणालो, शिंपले. चौघांनी एकाच पातेल्यातले खाल्ले होते आणि आजारी एकटी आई, तरी मी पुढे म्हणालो, "एखादा न उघडलेला, खराब शिंपला त्यात राहून गेला असेल." शिंपलेवाल्याच्या पोराला याहून मोठी शिवी नाही, हे मला ठाऊक होतं. तू क्राइनकडे बघितलंस ते मी पाहिलं. मारलूस, खरं सांगतो, त्या क्षणी मला थोडं बरं वाटलं. तेव्हा मला खरं कारण ठाऊक नव्हतं, एवढीच माझी बाजू.

काल आमच्या टाकीवाल्यांपैकी इझाक कॉफीला आला होता. तुमच्यासाठी काढलेल्या त्या दगडाचं काय केलंस, असं त्याने विचारलं, मी सांगितलं. त्याने कप खाली ठेवला. "अरे गाढवा, त्याच्यावर ती बटणं होती ना? त्यांच्यात विष असतं. उकळलंस की वाफेतून घरभर. तूच नाही का गेल्या वर्षी सगळ्यांना बजावलंस, दगड कधी उकळायचा नाही म्हणून?" मीच बजावलं होतं. सतरा दिवस मी आईच्या उशाशी बसून तिला विचारत होतो की कुठला शिंपला कडू लागला होता का. तिला मी माझ्या हाताने विष दिलं होतं. लगेच डॉक्टरीण बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, लक्षणं जुळतात. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आधी त्या पोराकडे जा. मग माझ्याशी बोल."

आज सकाळी धक्क्यावर गेलो आणि त्याच्या वडिलांसमोर सगळं सांगितलं. ते पाठ फिरवून जाळं धूत राहिले. क्राइनने आधी विचारलं, "काकूंना आता श्वास नीट येतो का?" मग म्हणाला, "मारलूसला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल, स्वतःला सोडवून घेतोय." म्हणून हे पत्र. फोनवर मी शब्द चोरले असते. आणखी एक गोष्ट त्याने सांगितली नाही, त्याच्या आईने मला फाटकाशी गाठून सांगितली. आपण आईला दवाखान्यात नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने गोणीत उरलेले सगळे शिंपले शिजवले आणि स्वयंपाकघराचं दार लावून एकट्याने खाल्ले, दोष आपल्या मालात आहे का ते कळावं म्हणून. त्याला काहीही झालं नाही. हेच सांगायला तो तुला पाच दिवस फोन करत होता आणि तू उचलत नव्हतीस.

तुझ्यापुढे मान वर न करू शकणारा, तरी तुझाच,
बाबा