पट्टकदंबांचं होम टाउन

इंद्रपुरी, भोपाळ
२४ मे २०२५

आदरणीय विमलताई,

नमस्कार. इकडे ऊन चव्वेचाळीसवर गेलं आहे. कूलरची खस बदलून घेतली. शर्वरी पुण्याहून चार दिवस येऊन गेली, जाताना फ्रीज भरून गेली. तुमच्या गुडघ्याला नवीन तेलाने उतार पडला असेल अशी आशा आहे.

फोनवर तुम्ही बोलता आणि मी "हो ताई" म्हणून ठेवून देतो. म्हणून हे पत्र लिहीत आहे. मधे कुणी बोलणार नाही.

विजयाच्या वर्षश्राद्धाला मी नागपूरला येणार नाही. अकरा जूनला दिल्लीहून मंगोलियाला जात आहे. हे तुम्हाला शर्वरीकडून कळलं आहेच. त्यावर तुम्ही तिच्या थोरल्या बहिणीच्या हक्काने म्हणालात, "हेमंतराव, ती जिवंत असताना पाय उचलला नाहीत, आता कुणाला दाखवायला निघालात?"

मी दोन दिवस या वाक्यावर विचार केला. वाक्य बरोबर आहे. तरी जाणार आहे.

तुम्हाला ठाऊक आहे, कारखान्यात आम्हाला प्रवासाची सवलत मिळायची. एकतर होम टाउनला जा, नाहीतर भारतात कुठेही. विजया दर वेळी म्हणायची, काझीरंगा. कच्छचं रण. चिलिका. आणि मी दर वेळी फॉर्मवर होम टाउन भरायचो. आमचे तिवारीजी फॉर्म हातात घेऊनच हसायचे, "अरे हेमंतजी, फिर नागपुर? भाभीजी को कभी तो कहीं घुमा दो!" घरी येऊन मी हे तिला विनोद म्हणून सांगायचो.

ती मग इथेच तलावावर जायची. थंडीत पलीकडच्या काठाला पट्टकदंब उतरतात. राखी रंगाचे हंस, डोक्यावर दोन काळे पट्टे. हिमालय ओलांडून येतात. एकदा मलाही नेलं होतं. दुर्बीण माझ्या हातात देऊन म्हणाली, "बघा, हेसुद्धा दर वर्षी होम टाउनला जातात. फक्त यांचं नागपुरात नाही, मंगोलियात आहे." मी हसलो. ती हसली नव्हती, हे मला आता आठवतं.

२०१९ मध्ये तिच्या पक्षी पाहणाऱ्या मंडळींची मंगोलियाची सहल ठरली. तिने पासपोर्ट काढला. दोघांची नावं दिली. पुढे तिने तुम्हाला फोनवर सांगितलं की सीट मिळाल्या नाहीत.

ताई, सीट होत्या. सहलवाल्यांचा फोन आला तेव्हा ती शाळेत शिकवायला गेली होती. "सर, दोन पक्क्या करू का? की मॅडमची एकच?" मी म्हटलं, एकही नको. घराला रंग द्यायचा होता, माझा रक्तदाब होता, अशी कारणं मी स्वतःला दिली. खरं म्हणजे मला परक्या मुलखाची भीती वाटते. आणि ती एकटी जाऊन आनंदात परत येईल, याची त्याहून जास्त. संध्याकाळी तिला सांगितलं, "सीट भरल्या म्हणे." ती "बरं" म्हणाली आणि दूध तापवायला गेली.

मंडळी परत आली तेव्हा सगळे फोटो बघायला गेलो होतो. एका फोटोत त्यांची गाडी होती, मागच्या दोन जागा रिकाम्या. विजयाने तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. मग लहान केला. पुन्हा मोठा केला. मला तिने कधीच काही विचारलं नाही.

आता दहाव्याचं. तलावाच्या घाटावर कावळा पिंडाला शिवत नव्हता. कडुलिंबावर बसून होता. शर्वरी म्हणाली, "आई, बाबांना मी सांभाळीन." तुम्ही म्हणालात, "शर्वरीचं सगळं मी बघेन गं." कावळा हलला नाही. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. मी हात जोडून म्हटलं, "तुझ्या कुंड्यांना पाणी घालीन."

तासाभराने गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला आणि आपण घरी आलो.

कावळ्याला काही कळतं की नाही मला ठाऊक नाही. विजया असती तर म्हणाली असती, एवढी माणसं गराडा घालून उभी राहिल्यावर कोणता पक्षी खाली येईल? पण काय बोलायला हवं होतं ते मला कळत होतं. तुम्ही सगळे होतात म्हणून बोललो नाही.

ते आता तिथे जाऊन बोलणार आहे. जूनमध्ये पट्टकदंबांची पिल्लं पाण्यात उतरतात म्हणे. वर्षश्राद्धाच्या दिवशी मी त्यांच्या तिथल्या तळ्यावर असेन. गाईडचं निम्मं बोलणं मला समजणार नाही, जेवण पचेल की नाही सांगता येत नाही, आणि भीती अजून आहे तशीच आहे. दुर्बीण तिचीच नेतो आहे. दुर्बिणीची उजवी काच विजयाच्या नजरेप्रमाणे फिरवून ठेवलेली आहे, मला त्या बाजूने धूसर दिसतं. फिरवली की नीट दिसेल. फिरवणार नाही.

तुम्ही श्राद्ध घाला, तुमचा हक्क आहे. माझी वाट बघू नका. लोक विचारतील तेव्हा आजारी आहे वगैरे सांगू नका. हेमंत हंस बघायला गेला आहे असं सांगा. आणि सीटबद्दल खरं काय ते सांगायचं असेल तर तेही सांगा.

सहलवाल्यांनी या वेळीही विचारलं, "सर, एकच सीट ना?" मी दोन घेतल्या. शर्वरी म्हणाली, "बाबा, वेडे झालात का?" मी हो म्हटलं. गाडीत मागे बसणार आहे. शेजारची जागा रिकामी राहील आणि तिथे मी कुणाला पिशवीसुद्धा ठेवू देणार नाही.

कुंड्यांना शेजारच्या मालतीबाई पाणी घालतील.

तुमचा नम्र, पण या एका बाबतीत मुळीच नम्र नसलेला,
हेमंत