चितपट केल्यावर दिलेला हात

१२ मे २०१३, रविवार

मीरा आज तिची पहिलीच मिक्स्ड मार्शल आर्ट्सची लढत हरली. माझ्या दादाने लेकीला सुकापूरच्या तालमीत कुस्ती शिकवली. तो गेल्यावर ती इकडे वळली. आज तिने समोरच्या मुलीला चितपट केलं आणि सवयीने उठवायला हात दिला. कुस्ती तिथे संपते, ही लढत नाही. त्या मुलीने तोच हात पिरगळला. चूक तरी कशी म्हणू या सवयीला?

रिक्षात मनगटावर बर्फ धरून म्हणाली, “आत्या, सर म्हणतात ही सवय मोड. मोडू?”

“मोड गं बाई. हात मोडण्यापेक्षा सवय मोडलेली बरी.”

ती हसली. तिने हात दिला तेव्हा मला क्षणभर दादाच दिसला होता. सांगितलं असतं, तर तिने ती सवय मोडली नसती.